शेजवान व्हाया मानखुर्द

तर मंडळी, झालं असं की चार महिने रखडलेलं आमचं रिलीज एकदाचं पार पडलं आणि त्या आनंदात मॅनेजरसाहेबांनी अख्ख्या टीमला जेवायला नेलं. बीकेसीत. 'पॅन एशियन' हॉटेल होतं म्हणे. काचेचा दरवाजा, आत अंधार, डोक्यावर बांबूचे दिवे आणि मेनूकार्ड एवढं मोठं, की त्यामागे लपून एक डुलकी काढावी. बिल माणशी दोन हजारांच्या वर गेलं. कंपनीचे पैसे होते, तेव्हा आपण कशाला बोला! :)

जेवताना गप्पा निघाल्या, की मुंबईत चांगलं एशियन फूड नक्की कुठे मिळतं. आमच्या हापिसात या विषयावर प्रत्येकाकडे पीएचडी आहे. कुणी वांद्र्याची गल्ली सांगितली, कुणी लोअर परळचा मॉल, कुणी कुलाबा, कुणी पवई. नुकतीच पुण्याहून जॉइन झालेली एक मुलगी सगळं मोबाईलमध्ये टिपून घेत होती. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तू कुठे राहतोस? तुमच्याकडे काय चांगलं मिळतं?"

"चेंबूरला," मी म्हणालो. "तिकडे काही खास नाही गं."

आता या दोन वाक्यांत दोन थापा आहेत. पहिली म्हणजे मी चेंबूरला राहत नाही, मानखुर्दला राहतो. जन्मापासून. कॉलेजात असताना मी खरं सांगायचो. मग समोरच्याचा चेहरा बघायचो. "मानखुर्द? म्हणजे ते डंपिंग ग्राउंड?" किंवा "हां हां, वाशीला जाताना लागतं ते!" पुढे मी "चेंबूरच्या जरा पुढे" म्हणायला लागलो. नोकरी लागली तसं "जरा पुढे" गळून पडलं. इतक्या वर्षांत हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय, की आता थाप मारतोय हे माझं मलाही कळत नाही.

दुसऱ्या थापेसाठी मात्र हा लेख.

त्या रात्री कुर्ल्याला हार्बर पकडून मानखुर्दला उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. आणि खरं सांगतो, पोटात कावळे. दोन हजारांत पोट भरतंच असं नाही. स्टेशनबाहेर रिक्षांच्या रांगेपलीकडे आमची नेहमीची चायनीजची गाडी आहे. लाल रंग, वर देवाचं नाव, खाली पिवळ्या अक्षरांत 'चायनीज'. आठ वर्षं मी तिथे ट्रिपल शेजवान खातोय. गाडीवाला आवराआवर करत होता. "भैया, काही आहे का?" मी विचारलं.

"राइस खतम, नूडल खतम." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याला दया आली असावी. "हमारा खाना है. खाओगे?"

गाडीमागे स्टुलावर बसून मी जे जेवलो ते कुठल्याही मेनूकार्डावर नव्हतं. गरम भात, पातळ काळसर डाळ आणि एका वाटीत आंबूस, गडद हिरवं सूप. आंबवून वाळवलेल्या पाल्याचं, त्याला म्हणतात गुंद्रुक. आणि सोबत टोमॅटोची चटणी, बोटभरच. पहिला घास घेतला आणि जिभेला मुंग्या आल्या. तिखट नव्हे, मुंग्या! लिंबासारखा वास आणि मग ओठ बधिर.

"ये क्या है?"

"टिमुर. गाँव से आता है."

गाव कुठलं, तर नेपाळातलं अछाम. मुंबईपासून लखनौपर्यंत रेल्वे, पुढे बस, मग सीमा, मग पुन्हा बस आणि शेवटी पायी. आठ वर्षं मी ज्याच्या हातचं 'चायनीज' खात होतो, तो माणूस कुठला हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी त्याला भैया म्हणायचो. नेपाळीत मोठ्या भावाला दाजू म्हणतात, हेही त्याच रात्री कळलं. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली झालेल्या तहामुळे त्याला इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं ही माणसं मुंबईत येतात, वॉचमनकी करतात, भट्टीसमोर उभी राहतात आणि दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या दसैंला, गावी जातात.

निघताना दाजूने चिमूटभर टिमुर कागदात बांधून दिलं. ते मी घरी ओट्यावर ठेवलं आणि झोपलो. सकाळी आईच्या आवाजाने जाग आली.

"अरे, ह्यां तर तिरफळ! खयसून हाडलंस?"

आई वेंगुर्ल्याची. बांगड्याच्या तिकल्यात तिरफळ नसेल तर ती त्याला तिकलं म्हणत नाही. तिने पुडी हुंगली, एक दाणा दाताखाली धरला आणि म्हणाली, "जरा वायला आसा, पण घराण्यातलाच." आणि मंडळी, आईचं बरोबर होतं. कोकणातलं तिरफळ, नेपाळचा टिमुर आणि चीनच्या सिचुआन प्रांतातली ती प्रसिद्ध मिरी, ही तिन्ही एकाच कुळातली चुलत भावंडं आहेत. झान्थोझायलम हे त्यांचं आडनाव. तिघांचंही आतलं काळं बी टाकून द्यायचं आणि वरचं टरफल वापरायचं. त्या मुंग्यांवर २०१३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये संशोधनसुद्धा झालंय. सिचुआन मिरी ओठाला लावली की होणारी झिणझिण साधारण ५० हर्ट्झच्या कंपनासारखी वाटते, असं त्यांना आढळलं. ५० हर्ट्झ म्हणजे आपल्या घरातल्या विजेची फ्रिक्वेन्सी. इंजिनियर लोकांनी यावर हवं तेवढं हसून घ्यावं.

पण यातली खरी गंमत वेगळीच आहे. 'शेजवान' हा शब्द 'सिचुआन'चाच मुंबई उच्चार. आणि आपल्या शेजवान चटणीत असतं काय? लाल मिरची, लसूण, व्हिनेगर, सोया सॉस. ज्या मिरीमुळे सिचुआनचं जेवण सिचुआनचं होतं, ती त्यात नसतेच! म्हणजे आठ वर्षं मी ज्या गाडीवर शेजवान खाल्लं, त्या गाडीवर सिचुआनच्या जवळची एकच वस्तू होती, ती दाजूच्या स्वतःच्या डब्यात. आणि दुसरी माझ्या घरी, आईच्या मसाल्याच्या बरणीत. बीकेसीत जाऊन मी कुणाला शोधत होतो कोण जाणे.

तर माझं म्हणणं थोडक्यात असं: या शहरात चांगलं एशियन फूड शोधायचं असेल तर बोर्डावरचं नाव आणि मोबाईलमधलं रेटिंग बाजूला ठेवा. बनवणारा माणूस कुठून आला आणि तो स्वतः काय जेवतो, ते विचारा.

नावात काय आहे? बऱ्याचदा थाप

मुंबईच्या मेनूकार्डावर थापा मारायची परंपरा जुनी आहे. 'मांचुरियन'चंच घ्या. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो पहिल्यांदा केला, अशी हकीकत सांगितली जाते. कुणीतरी मेनूबाहेरचं काहीतरी मागितलं. वांगसाहेबांनी आलं, लसूण आणि हिरवी मिरची घेतली, म्हणजे कुठल्याही देशी रश्श्याची सुरुवात. पण पुढे गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं. मांचुरियात हा पदार्थ कुणाला ठाऊक नाही. इकडे मात्र तो कोबी, फ्लॉवर, पनीर असे अवतार घेत लग्नाच्या बुफेपर्यंत पोचला.

'प्रॉन्स कोळीवाडा' ऐकलं की वाटतं, ही कोळणीच्या चुलीवरची जुनी पाककृती असणार. प्रत्यक्षात ती सायन कोळीवाड्याची. फाळणीनंतर तिथे वसलेल्या पंजाबी लोकांनी बेसन-ओवा लावून मासे तळायला सुरुवात केली आणि जागेचं नाव पदार्थाला चिकटलं. हार्बरवरचं ते स्टेशन आता गुरू तेग बहादूर नगर. आणि 'हक्का नूडल्स'मधले हक्का म्हणजे दक्षिण चीनमधून कोलकात्यात आलेला समाज. टांगऱ्याला त्यांनी चामड्याचे कारखाने काढले आणि नंतर हॉटेलं.

आता यावर कुणी नाक मुरडून म्हणेल, की मग हे सगळं बनावट. मला तसं अजिबात वाटत नाही. नाव खोटं असेल, पण भट्टीसमोर उभा असलेला माणूस खरा असतो. आपलं गाव सोडून आलेल्या माणसाने इथे जे मिळालं त्यात, इथल्या जिभेला आवडेल असं काहीतरी केलं. मिरची तरी आपली कुठे होती? ती अमेरिका खंडातून आली, आपल्याकडे पोर्तुगीज घेऊन आले. सिचुआनमध्येही ती बाहेरूनच गेली. ऑथेंटिक, ऑथेंटिक म्हणून जे लोक ओरडतात, त्यांनी एकदा आपली मिसळ मिरचीशिवाय करून बघावी.

बाकी 'एशियन' हा शब्दही मजेशीरच. लंडनमध्ये एशियन म्हटलं की आपण आणि पाकिस्तानी. अमेरिकेत म्हटलं की आधी चिनी, जपानी, कोरियन. आणि मुंबईतल्या मेनूवर एशियन म्हणजे सुशीपासून थाई करीपर्यंत काहीही, फक्त आपण सोडून. शाळेच्या भूगोलात मात्र इराणपासून जपानपर्यंत आशियाच होता बुवा.

एक पास, एक शनिवार

तिरफळाचं प्रकरण डोक्यातून जाईना, म्हणून पुढच्या वीकांताला एक प्रयोग केला. हार्बरचा पास खिशात होताच. ठरवलं, की मानखुर्दहून सीएसएमटीच्या दिशेने जायचं आणि वाटेत आशिया खायचा.

पहिला उतारा चेंबूर. (हो, तेच चेंबूर, जिथे मी राहतो म्हणून सांगतो.) रिक्षाने चेंबूर कॅम्पात गेलो. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही छावणी. सकाळी तिथे दाल पकवान मिळतं. कुरकुरीत मैद्याची पुरी, वर घट्ट चणाडाळ, चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. हे खाणाऱ्याला कुणी 'पाकिस्तानी फूड' खातोयस असं म्हणत नाही. पण सिंध आज तिकडेच आहे आणि ही चव माणसांबरोबर इकडे आली.

मग गाडी पकडून गुरू तेग बहादूर नगर ओलांडलं. तिथले मासे संध्याकाळचे, सकाळी अकराला कोण देणार! वडाळा, शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड करत डॉकयार्ड रोडला उतरलो. माझगावच्या एका गल्लीत एक लाल दाराचं चिनी देऊळ आहे, सी यूप कून. १९१९ मधलं. एकेकाळी गोदीच्या आसपास इथे चिनी खलाशी, सुतार, दाताचे डॉक्टर असायचे. १९६२ च्या युद्धानंतर देशभरातल्या चिनी वंशाच्या लोकांवर संशयाची नजर पडली, हजारोंना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. मुंबईतलीही वस्ती पांगली, बरेच परदेशी गेले. आता थोडीच कुटुंबं उरली आहेत, ती चिनी नववर्षाला देवळात जमतात. मी गेलो तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हतं. उदबत्त्यांचा वास होता, आणि खायला काहीच नव्हतं. ज्या शहराच्या प्रत्येक नाक्यावर चायनीजची गाडी आहे, त्या शहरातल्या चिनी माणसांच्या गल्लीत मला वडापाव खावा लागला. तो काही केल्या गोड लागेना.

शेवटी सीएसएमटी आणि तिथून बॅलार्ड इस्टेट. १९२३ पासून चालू असलेलं ब्रिटानिया. तिथला बेरी पुलाव म्हणजे इराणी जिरेश्क पुलावाचं मुंबईकर भावंडं, वर त्या आंबट लाल बेऱ्या. जुने मालक बोमन कोहिनूर टेबलापाशी येऊन गप्पा मारायचे. २०१९ मध्ये वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी ते गेले. पुलाव अजून तसाच.

घरी परत येताना हिशेब केला. सिंध, पंजाब, चीन (रिकामं देऊळ धरून), इराण. आणि गाडी शेवटी मला सोडणार कुठे, तर मानखुर्दला, नेपाळ आणि वेंगुर्ल्याच्या मधोमध.

मानखुर्दला असं काय आहे?

वाशीचा पूल होऊन १९९२ मध्ये लोकल पलीकडे जायला लागली, तोवर मानखुर्द हे हार्बरचं शेवटचं स्टेशन होतं. शेवटच्या स्टेशनाचं नशीब काय असतं? शहराला जे नको असतं, ते तिकडे येतं. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. देवनारचा कत्तलखाना १९७१ चा. आणीबाणीत, १९७६ मध्ये, अणुशक्ती केंद्राजवळची जनता कॉलनी पाडून तिथल्या माणसांना चिता कॅम्पात आणलं. २००० नंतर रेल्वेरुळांच्या आणि रस्त्यांच्या कडेची झोपडपट्टी हटवली, त्यातल्या कित्येकांना लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात आमचा एम-पूर्व वॉर्ड सगळ्यांत तळाला होता. हे सगळं मला पाठ आहे, कारण हेच लपवायला मी 'चेंबूर' म्हणतो.

पण जरा उलटं बघा. मुंबईभरातून उचललेली माणसं एका जागी आली, तेव्हा त्यांच्या चुलीही आल्या. चिता कॅम्पात तमिळ माणसं पिढ्यानपिढ्या आहेत. तिथे तव्यावर दोन पलित्यांनी खणखणाट करत पराठा कुटतात, तो आवाज ऐकला की पाय आपोआप थांबतात. शिवाजीनगरकडे पहाटे नल्ली-निहारी आणि तंदूरची रोटी. अणुशक्तीनगरच्या बाहेर बंगाल्यांपासून मल्याळ्यांपर्यंत सगळ्यांसाठी भाजी आणि मासे. ट्रॉम्बेचा कोळीवाडा तर हे सगळं येण्याआधीपासून इथेच. आणि स्टेशनबाहेर दाजू. बीकेसीतल्या 'पॅन एशियन'पेक्षा हे पॅन काय कमी मोठं आहे?

मग हे कुणाच्या यादीत का नसतं? इथे माझ्यातला प्रोग्रामर जागा होतो. डिलिव्हरी अ‍ॅपवर हॉटेल दिसायचं तर त्याला अन्न सुरक्षेचं लायसन लागतं, बँक खातं लागतं, मेनूचे फोटो लागतात, ऑर्डर घेणारा माणूस लागतो. रस्त्यावरच्या गाडीकडे यातलं बरंचसं नसतं. म्हणजे दाजूचं रेटिंग कमी नाही. दाजूचं रेटिंग शून्यही नाही. ते 'नल' आहे. शून्य आणि नल यातला फरक न कळल्यामुळे किती प्रोग्रॅम बोंबलतात, हे आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरी आपण नकाशावर जिथे चांदण्या नाहीत, तिथे काही नाहीच असं धरून चालतो. फिल्टर लावतो 'चारच्या वर', आणि अर्धं शहर गायब.

तांत्रिक दोष अ‍ॅपचा असेल, पण फिल्टर आपल्याच डोक्यातला आहे. "आमच्याकडे काही खास नाही" हे अ‍ॅपने म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं होतं.

"अरे पण ते अनहायजिनिक असतं!"

हा मुद्दा येणार हे माहीत होतं, आणि तो खोटाही नाही. लाल रंग मलाही नको वाटतो. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मांचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. त्याच वर्षी गोव्यात म्हापशाच्या पालिकेने जत्रेत गोबी मांचुरियनच्या स्टॉलनाच मनाई केली. रंगावर बंदी मला पटते. पदार्थावर बंदी म्हणजे बग सापडला म्हणून अख्खं मॉड्यूल डिलीट करणं.

अजिनोमोटोचं मात्र आपण उगाच भूत केलंय. १९०८ मध्ये टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सारातून ती चव वेगळी काढली आणि तिला 'उमामी' नाव दिलं. १९६८ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात चिनी जेवणानंतर त्रास होतो असं एक पत्र छापून आलं आणि तेव्हापासून दुनिया घाबरली. पुढच्या नीट केलेल्या चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणातला तो त्रास काही सातत्याने सिद्ध झाला नाही. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असतं, चीजमध्ये असतं. पिझ्झावर जादा चीज मागणाऱ्याने गाडीवर येऊन "अजिनोमोटो नको हां" म्हणावं, याचं मला अंमळ हसू येतं.

खरी काळजी घ्यायची ती भाताची. शिजवलेला भात तासन् तास बाहेर राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू विष तयार करतो आणि ते पुन्हा परतून जात नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये चिनी टेकअवेच्या फ्राइड राइसमुळे याच्या साथी झाल्या होत्या, म्हणजे हा आजार गाडीचा नाही आणि मानखुर्दचाही नाही. माझे साधे नियम असे: गर्दीच्या वेळी जावं, म्हणजे माल फिरता असतो. भट्टी मोठी असावी आणि पदार्थ आपल्या डोळ्यांसमोर कढईतून ताटात यावा. वर घातलेला कच्चा कोबी ठेवू नका म्हणून सांगावं. तेल काळं दिसलं तर नमस्कार करून पुढे जावं. आणि हे नियम काचेच्या दरवाजाआडही लावावेत. तिथे स्वयंपाकघर दिसत नाही, म्हणून ते स्वच्छ असतं असं नाही.

शिवाय आणखी एक गोष्ट आहे, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्या लोकांना 'चायनीज' मनापासून आवडतं, तेच लोक ट्रेनमध्ये मणिपूरच्या किंवा नेपाळच्या माणसाला बघून "ए चिनी" म्हणतात. मी ऐकलंय. गप्पही बसलोय. नूडल्स आपल्या, आणि त्या बनवणारा परका, हे कसलं गणित? १९६२ नंतर माझगावची गल्ली रिकामी झाली ती काय बॉम्ब पडून? नाही. शेजाऱ्यांच्या नजरेने. खाण्याची आवड म्हणजे मोकळं मन असा आपला एक गोड गैरसमज आहे. निदान माझा होता. आठ वर्षं एका माणसाच्या हातचं खाऊन त्याचं गाव न विचारणाऱ्याचं मन कितपत मोकळं म्हणायचं?

तर आता पुढे

दाजूला मी परवा विचारलं, की टिमुरची चटणी गाडीवर का ठेवत नाहीस? तो हसला. म्हणाला, "कौन खाएगा? लोग शेजवान माँगते हैं." पुढचं त्याचं बोलणं मात्र हसण्यासारखं नव्हतं. गाडी त्याची नाहीच. रोजावर काम करतो, मालक वेगळा. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की भट्टी उचलून पळायचं, सिलिंडर गेलं तर नुकसान त्याच्या अंगावर. फेरीवाल्यांसाठी २०१४ मध्ये केंद्राने कायदा केला आहे, हे मी मोठ्या उत्साहाने त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि कांदा चिरायला लागला. यंदा दसैंला गेला की परत येईन की नाही माहीत नाही, म्हणाला. मुलगा मोठा होतोय. तो आला नाही तर गाडीवर दुसरा कुणी उभा राहील, ट्रिपल शेजवान तसंच मिळेल, आणि नव्वद टक्के गिऱ्हाइकांना फरक कळणारही नाही.

म्हणून घाईघाईने एक केलं. आईकडून डबाभर सुकं तिरफळ घेऊन त्याला नेऊन दिलं. त्याने वास घेतला, एक दाणा चावला आणि म्हणाला, "अलग है." मग थोडा विचार करून, "पर अपना ही है." अगदी आईचंच वाक्य, फक्त दुसऱ्या टोकाकडून.

आणि काल हापिसात त्या पुण्याच्या मुलीने पुन्हा विचारलं, "ए, तुमच्या चेंबूरला खरंच काहीच नाही का रे?"

"मी मानखुर्दला राहतो," मी म्हणालो.

"म्हणजे नक्की कुठे?"

"हार्बर लाइन. गोवंडीच्या पुढचं स्टेशन, वाशीच्या पुलाच्या अलीकडचं. डंपिंग ग्राउंड म्हणतात ना, त्याच्या जवळ." एका दमात सांगून टाकलं. तिने नेहमीचा तो चेहरा केला की नाही, हे बघायचं मी टाळलं, खोटं कशाला बोलू. ती एवढंच म्हणाली, "बरं. मग खायला काय आहे तिथे?"

येत्या शुक्रवारी चौघं येताहेत. रात्री साडेआठला स्टेशनबाहेर भेटायचं ठरलंय. आईने बांगडे आणायला सांगितलेत आणि दाजू म्हणालाय, की गुंद्रुक थोडं जास्त भिजवून ठेवतो.